न दिसणारे कुंपण

अमेरिकेतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावी आम्ही संशोधनासाठी राहत होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरापुढे हिरवळ होती आणि हिरवळीपुढे रस्ता. मध्ये ना भिंत, ना फाटक, ना साधी दोरी. तरीही शेजाऱ्यांचा दांडगा कुत्रा धावत धावत यायचा आणि रस्त्यापासून सातआठ फुटांवर गपकन थांबायचा. जणू समोर काच आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना याचे फार कौतुक वाटे. ‘काय छान वळण लावलंय हो याला!’ असे ते म्हणत. आम्हीही मान डोलवत असू.

एका सकाळी मात्र वेगळेच दृश्य दिसले. कुत्रा हिरवळीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. समोर घर, दारात मालकीण हाका मारते आहे, आणि हा पुढे यायला तयार नाही. दोन पावले टाकी, कण्हे आणि मागे फिरे. शेवटी बाई बाहेर गेल्या, त्यांनी त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि मगच तो त्यांच्याबरोबर आत आला. पहाटे हरीण दिसल्यावर तो त्याच्यामागे सुटला होता. बाहेर जाताना बसलेला झटका त्याने पाठलागाच्या भरात सोसला. परत येताना तोच झटका पुन्हा सोसण्याचे त्याला काही कारण नव्हते.

या कुंपणाला तिकडे ‘अदृश्य कुंपण’ म्हणतात. रिचर्ड पेक या अमेरिकन गृहस्थाला त्याचे पेटंट 1973 साली मिळाले. पेटंटची मुदत 1990 मध्ये संपली आणि अनेक कंपन्या या धंद्यात उतरल्या. अमेरिकेच्या उपनगरांत घरापुढची हिरवळ मोकळी ठेवण्याची रीत आहे. कित्येक वसाहतींत पुढच्या बाजूला उंच कुंपण घालायला नियमानेच बंदी असते. अशा ठिकाणी कुत्र्याला मोकळे सोडायचे, पण रस्त्यावर जाऊ द्यायचे नाही, ही अडचण खरी आहे. ते लक्षात घेऊनच या वस्तूची परीक्षा केली पाहिजे. जाहिरातींत साधारणपणे तीन गोष्टी सांगितल्या जातात: हे कुंपण आहे, त्याचा झटका किरकोळ आहे आणि कुत्रा त्यातून शिकतो. तिन्ही विधाने तपासून पाहू.

तार काय करते?

घराभोवती जमिनीत काही इंच खोल एक तार पुरतात. तिची दोन्ही टोके घरातल्या प्रेषकाला जोडून पूर्ण वेढा तयार करतात. प्रेषक या तारेतून काही हजार हर्ट्झ वारंवारतेचा अगदी क्षीण प्रत्यावर्ती प्रवाह सोडतो. प्रवाहामुळे तारेभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कुत्र्याच्या पट्ट्यात तारेची एक छोटी गुंडाळी असते. कुत्रा तारेजवळ आला की या गुंडाळीत विद्युतदाब प्रवर्तित होतो. फॅरडेने 1831 साली दाखवलेले आणि आपण दहावीला शिकवतो तेच हे प्रवर्तन. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की पट्टा आधी ‘बीप’ असा इशारा देतो. कुत्रा आणखी पुढे गेला, तर मानेच्या कातडीला टेकलेल्या दोन धातूच्या खुंट्यांमधून झटका देतो.

म्हणजे झटका तारेतून येत नाही, तो पट्ट्यातल्या बॅटरीतून येतो. तारेला हात लावला तरी काही होणार नाही. आपल्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी शेताभोवती लावतात त्या झटका यंत्राच्या तारेशी याची गल्लत करू नये. तिथे तारेतच दाबाचे क्षणिक स्पंद असतात. घरची वीज थेट कुंपणात सोडणे हा तर तिसराच प्रकार. तो बेकायदा आणि प्राणघातक आहे. विद्यार्थ्यांना हे तीन प्रकार वेगवेगळे करून सांगणे आवश्यक आहे.

जाहिराती याला ‘रेडिओ लहरींचे कुंपण’ म्हणतात. वारंवारता 10 हजार हर्ट्झ धरली तर तरंगलांबी 30 किलोमीटर येते. अंगणात अशा लहरीचा प्रश्नच नाही. इथे सारे काम तारेजवळच्या चुंबकीय क्षेत्राचे आहे. लांब सरळ तारेभोवतीचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, म्हणून प्रेषकावरची कळ फिरवून तारेपासून किती फुटांवर पट्टा जागा व्हावा हे ठरवता येते. घरापासून वेढ्यापर्यंत जाणाऱ्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेतात. त्यांतले प्रवाह उलट दिशांचे असल्याने क्षेत्रे एकमेकांना छेदून जातात आणि त्या जागेवरून कुत्रा निर्धास्त फिरतो. यंत्र म्हणून रचना सुबक आहे, यात शंका नाही.

पण हे कुंपण आहे का? कुंपण दोन्ही बाजूंनी अडवते. हे फक्त पट्टा घातलेल्या एका प्राण्याला अडवते. बाहेरचा कुत्रा, कोयोटी किंवा खोडकर मूल बिनदिक्कत आत येऊ शकते, आणि आतल्या कुत्र्याला पळायला वाट नसते. तार तुटली, वीज गेली किंवा पट्ट्यातली बॅटरी संपली की कुंपण नाहीसे होते. बहुतेक तारेच्या कुंपणांना कुत्रा आत येतो आहे की बाहेर जातो आहे हे कळत नाही. आमच्या शेजारणीच्या दारात दिसले ते यातूनच घडले.

झटका किती मोठा?

‘गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की बसतो, तेवढाच,’ असे उत्तर विक्रेते देतात. इथे आकडेमोड करून पाहावी. माणसाच्या शरीराची धारकता सुमारे 100 पिकोफॅरड धरू आणि घर्षणाने त्यावर 5,000 व्होल्ट दाब आला असे मानू. साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले दाबाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते सुमारे सव्वा मिलिज्यूल. ही ऊर्जा फारच थोडी आहे. पट्ट्याच्या एका स्पंदाची ऊर्जाही याच लहान मापांची असते, म्हणून त्याने कुत्रा मरत नाही. एवढ्यापुरते विक्रेत्यांचे म्हणणे बरोबर आहे.

पण ऊर्जा सारखी म्हणजे वेदना सारखी, असे होत नाही. मुठीची ठिणगी एकदाच बसते, तीही बहुधा बोटाच्या टोकाला, आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत संपते. पट्ट्यातले स्पंद कुत्रा त्या पट्ट्यात आहे तोवर एकामागून एक येतात, मानेवर येतात आणि पट्टा काढणे कुत्र्याच्या हाती नसते. शिवाय झटक्याची तीव्रता वाढवण्याची सोय यंत्रातच असते. साधा तर्क असा: झटका खरोखर किरकोळ असेल, तर धावत्या हरणाचा मोह सोडायला तो कुत्र्याला भाग पाडणार कसा? आणि भाग पाडत असेल, तर तो किरकोळ नाही. जाहिरातीला दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत.

कुत्रा काय शिकतो?

तार बसवल्यावर सीमेवर लहान पांढऱ्या झेंड्या रोवतात. मालक दोन आठवडे कुत्र्याला दोरीने धरून तिथवर नेतो, ‘बीप’ वाजले की मागे ओढतो. झेंडी आणि आवाज यांचा झटक्याशी संबंध जोडला जातो. हे पावलॉवचे अभिसंधान झाले. पुढे आवाज ऐकताच कुत्रा मागे वळतो आणि झटका टळतो. टळलेला झटका हेच त्याचे बक्षीस.

टाळण्याचे शिक्षण किती चिवट असते हे सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्ड विद्यापीठात 1953 साली कुत्र्यांवरच दाखवले होते. इशारा मिळताच अडसरावरून उडी मारायला शिकलेले कुत्रे, झटका कायमचा बंद केल्यावरही दिवसेंदिवस उड्या मारत राहिले. झटका आता येत नाही हे कळण्यासाठी उडी न मारता थांबायला हवे, आणि तेवढे धाडस त्यांना होत नव्हते. आमचे पाहुणे ज्याला ‘वळण’ म्हणत होते, त्यात या भीतीचा वाटा मोठा होता.

इथे न्यायबुद्धी ठेवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळे झटके सारखे नसतात. जर्मनीत शाल्के आणि सहकाऱ्यांनी 2007 साली 14 बीगल कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला खोट्या शिकारीला तोंड लावले की नेमका त्याच क्षणी झटका मिळे. दुसऱ्या गटाला हाकेला न आल्याबद्दल मिळे. तिसऱ्याला केव्हाही, कारणाशिवाय. लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत बरेच जास्त वाढले, पहिल्या गटात तेवढे नाही. आपल्याच कोणत्या कृतीमुळे झटका बसला हे प्राण्याला कळले, तर ताण कमी राहतो. अदृश्य कुंपणाचे समर्थक याचा आधार घेऊ शकतात, कारण इथे इशारा आणि जागा ठरलेली असते.

पण कुत्रा तारेकडे एकटा जात नाही. समोरून कोणीतरी येत असते. पोस्टमन, शाळेतून येणारी मुले, फिरायला नेलेला दुसरा कुत्रा. तो उत्साहाने पुढे धावतो आणि नेमका तेव्हा झटका बसतो. जमिनीतली तार त्याला दिसत नाही, समोरचे मूल दिसते. मग झटक्याचा संबंध तो कशाशी जोडील? पोल्स्की यांनी 2000 साली अशा कुंपणातल्या कुत्र्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या पाच घटना नोंदवल्या. पाच घटनांवरून नियम सिद्ध होत नाही, शंका मात्र रास्त ठरते.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 974 कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली होती. विजेच्या अदृश्य कुंपणातले 44 टक्के कुत्रे कधी ना कधी पळाले होते. आरपार दिसणाऱ्या साध्या कुंपणातले सुमारे 23 टक्के. म्हणजे ज्या कामासाठी ही वस्तू घ्यायची, त्याच कामात ती साध्या कुंपणाहून कमी पडली. त्याच पाहणीत अदृश्य कुंपणातले कुत्रे अधिक चावरे असल्याचे मात्र आढळले नाही. इंग्लंडमध्ये 46 मांजरांवरच्या 2016 सालच्या अभ्यासातही अशा कुंपणात दीर्घकाळ राहिलेल्या मांजरांचे हाल झाल्याचे दिसले नाही. आमच्या मताला हे सोयीचे नाही, म्हणून ते लपवणे योग्य नव्हे.

वेल्समध्ये 2010 पासून असे सर्वच पट्टे वापरणे गुन्हा आहे. इंग्लंडसाठी 2023 साली मांडलेल्या नियमांच्या मसुद्यात मात्र रिमोटने चालणाऱ्या पट्ट्यांवर बंदी सुचवून सीमेच्या कुंपणांना सूट दिली होती. एकाच पुराव्यावरून शेजारच्या दोन देशांत दोन निर्णय होतात, कारण वेदना किती आणि अपघातातून वाचणारे जीव किती, यांचा तराजू विज्ञान एकटे धरत नाही.

आमचा निवाडा असा: यंत्र हुशारीचे आहे, कुंपण म्हणून अपुरे आहे आणि शिक्षक म्हणून वाईट आहे. जिथे भिंत किंवा जाळी घालता येते, कुत्र्याला दोरी धरून फिरवायला माणूस आहे, तिथे त्याचे समर्थन होत नाही. मात्र बोट दाखवण्यापूर्वी आपल्या वाड्यातला, दिवसभर हातभर साखळीला बांधलेला कुत्राही आठवावा. आपल्याकडच्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला अवास्तव आखूड साखळीला अवास्तव काळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. साखळी दिसते, झटका दिसत नाही, एवढाच फरक.

शेवटी वर्गात करून पाहण्याजोगे काही. जुन्या ध्वनिवर्धकाच्या स्पीकरच्या जागी 8 ओहमचा, पुरेशा वॅटचा रोध आणि त्याच्याशी एकसर जोडलेली लांब तार लावावी. तार वर्गाच्या भिंतीकडेने फिरवून वेढा पुरा करावा. ध्वनिवर्धकावर गाणे लावावे. बारीक तारेच्या काहीशे वेढ्यांची गुंडाळी दुसऱ्या छोट्या, बॅटरीवरच्या ध्वनिवर्धकाला जोडून वर्गात फिरवावी. कुठलीही जोडणी नसताना गाणे ऐकू येईल. गुंडाळी फिरवून आवाज कोणत्या स्थितीत नाहीसा होतो तेही शोधायला सांगावे. तारेचा एक भाग दुमडून पीळ द्यावा आणि त्याच्याजवळ आवाज का बसतो हे मुलांनाच विचारावे.

मग त्यांना सांगावे की हाच वेढा आणि हीच गुंडाळी अनेक सभागृहांत बसवलेली असते, ती कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. श्रवणयंत्रातली गुंडाळी वेढ्यातला आवाज पकडते आणि वक्त्याचे बोलणे थेट कानात पोचवते. फॅरडेचा नियम दोन्हीकडे एकच. गुंडाळीत दाब निर्माण होईपर्यंत विज्ञान आहे. तो पुढे कानाकडे न्यायचा की मानेकडे, हे माणूस ठरवतो आणि त्याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते.