ट्यूनर अचूक, तरी गिटार बेसूर

ट्यूनरच्या खोक्यावर '±०.१ सेंट' छापलेलं असतं आणि आपण त्यावर भाळतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पण अचूक कशाच्या तुलनेत? प्रयोगशाळेत हा प्रश्न आधी येतो, दुकानात येतच नाही.

समजा, डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात भावगीतांना तुम्ही गिटारवर आहात. मोबाइलचं अॅप माइकने ऐकतं. शेजारी तबला लागत असला की ते गोंधळतं. क्लिपवाला गिटारची कंपनं पकडतो, म्हणून बरा. पिकअप असेल तर पेडल उत्तम: सिग्नल थेट येतो, शिवाय सूर लावताना आवाज बंद ठेवता येतो.

पण खरी गोची पेटीची. तिचे रीड रंगमंचावर बदलता येत नाहीत. जुळवून घ्यायचं ते गिटारनेच. पेटीची मधली पांढरी सहा, म्हणजे 'ए', ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झ निघाली तर फरक जवळजवळ ८ सेंट. मग तुमचा ०.१ सेंटवाला ट्यूनर तुम्हाला अगदी अचूकपणे ८ सेंट चुकवणार! दोन्ही 'ए' एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात.

तेव्हा घेताना ४४० चा आकडा बदलता येतो का, ते आधी बघा. ग्रीनरूममध्ये पेटीवाल्यांना पांढरी सहा धरायला सांगा, आकडा जुळवा, मगच खुंट्या पिळा.