बरोबरचं चिन्ह नेमकं काय म्हणतं?

मागच्या वेळी आपण चिन्ह आणि अर्थ यांच्याबद्दल बोललो. आज तोच धागा संगणकाकडे नेऊ. नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंगची भाषा सोपी करायची, म्हणजे काय करायचं? आपल्या भंडाऱ्यात बहुतेकांचं उत्तर एकच: "इंग्रजी काढा, मराठी घाला." आम्हाला हे अर्धंच पटतं.

अडचण कुठे आहे ते बघा. पायथन या भाषेत राखीव शब्द आहेत ३५. आठवीतलं पोट्टं ते पंधरवड्यात पाठ करेल. पण फळ्यावर लिहा, 'पोती = पोती + १'. साकोलीकडची गणितात हुशार मुलगी लगेच म्हणेल, "सर, हे चूक आहे." आणि गणिताच्या हिशेबाने तिचंच खरं! धानाची पोती स्वतःपेक्षा एकाने जास्त कशी असतील? बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही पारडी सारखी, हे आपणच तिला शिकवलं ना? इथे मात्र ते विधान नाही, आज्ञा आहे: आहेत त्या पोत्यांत एक मिळव आणि नवा आकडा त्याच नावाखाली ठेव. विधान खरं किंवा खोटं असतं, आज्ञेला ते लागू नाही. तर्कशास्त्रातला हा अगदी सुरुवातीचा भेद, आणि चिन्ह नेमका तोच झाकून ठेवतं.

१९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी 'बेसिक' तयार केली, ती विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावी म्हणून. तिच्यात अशा ओळीच्या आधी 'लेट' लिहावंच लागे. त्या एका शब्दाने कळायचं, की ही आज्ञा आहे. पुढच्या अनेक आवृत्त्यांत तो ऐच्छिक झाला. तीन अक्षरं टाइप करायची वाचली, पण अर्थाची खूण गेली. लिहायला सोपं आणि समजायला सोपं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमची तक्रार या गल्लतीबद्दल आहे.

याउलट नेदरलँड्समधल्या फेलीन हर्मन्स यांची २०२० ची 'हेडी' बघा. तिच्यात सुरुवातीला किंमत देताना 'इज' हा शब्द येतो, बरोबरचं चिन्ह पुढच्या पायरीवर. आधी पऱ्हे, मग रोवणी. एकदम सगळं बांधीत टाकायचं नाही.

आता मराठीचं. २००८ पासून पायथन 'पोती' हे देवनागरी नाव चालवून घेते. वापरणाऱ्याने देवनागरीत '१२' भरलं, तर त्याचा आकडाही करून देते. पण तोच १२ प्रोग्रामच्या ओळीत आकडा म्हणून लिहिला, की अडते. आणि का अडली ते इंग्रजीत सांगते. मराठी हवी ती इथे, चूक समजावताना. नुसते ३५ शब्द बदलून बरोबरचं चिन्ह तसंच ठेवलं, तर मुलगी मराठीतही तिथेच अडेल.

आणि अडल्यावर ती काय म्हणेल? "भाषा चुकली" असं नाही म्हणणार. "मला जमत नाही" म्हणेल आणि मागच्या बाकावर जाऊन बसेल. वर्गात चिन्ह नीट वाचणारी कदाचित ती एकटीच होती. म्हणून शिक्षकांना आमची एवढीच विनंती: पहिल्या दिवशी ती ओळ मराठीत मोठ्याने वाचा. "पोती बरोबर पोती अधिक एक" असं नको. "पोत्यांत एक मिळव आणि ठेव" असं वाचा. भाषा बदलेल तेव्हा बदलेल, हे उद्या सकाळीच करता येतं.