बसवलेल्या किडनीची पुढची गोष्ट

अवयवदानाचा धडा संपला, की नांदेड-लातूरकडच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, बसवलेली किडनी किती वर्षं चालती?" विचारणाऱ्याच्या घरी किंवा शेजारी कोणीतरी डायलिसिसवर असते, हे पुष्कळदा आपल्याला ठाऊक असते. तरीही "काळजी घेतली तर चांगली चालते" एवढे म्हणून आपण फळा पुसतो. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. त्याच्या हातातल्या पुस्तकातही याहून अधिक काही नाही.

दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ साली आलेल्या पुस्तकात, पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञानाच्या पाठात, अवयव प्रत्यारोपणाचा छोटा भाग आहे. दात्याची गरज, रक्तगट, वय, आजार यांचा विचार, मरणोत्तर दान हे मुद्दे त्यात आले आहेत. ते यायलाच हवे होते. पण गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी संपते. वर्तमानपत्रांचेही तेच. जानेवारी २०१६ मध्ये औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, दान केलेले हृदय विमानाने मुंबईला गेले. तेव्हापासून 'ग्रीन कॉरिडॉर' हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोचला. रिकामा केलेला रस्ता, मिनिटांचा हिशेब, आणि शेवटी 'शस्त्रक्रिया यशस्वी'. तिथे बातमी मिटते. रुग्णाच्या दृष्टीने मात्र ती तिथे सुरू होते.

आणि हा रुग्ण आता दूरचा कोणी राहिलेला नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. लातूर नोव्हेंबर २०१३ मध्ये आला. मूत्रपिंड रोपणासाठी तीत अडीच लाख रुपयांची मर्यादा होती. पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या या योजनेत २०२३ साली ती साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला. म्हणजे गावातल्या माणसालाही रोपणाचा विचार करता येऊ लागला. मग पुढचा भागही गावातल्या वर्गात सांगायला हवा.

पुढचा भाग म्हणजे वण. मुलांना आपापल्या गुडघ्यावरचा जुना, खोल जखमेचा वण भिंगाखाली पाहायला सांगा. त्यावर केस नाहीत, घामाची छिद्रे दिसत नाहीत. जखम भरताना शरीराने तिथे कोलॅजेन या प्रथिनाचे धागे भरले. फाटलेल्या पोत्याला टाके घालावेत तसे. पोते धान्य धरते, पण टाक्यांची जागा ताणत नाही. वण ही दुरुस्तीच आहे. मात्र ती मूळ ऊतीचे काम करत नाही.

गुडघ्यावर एवढ्याने बिघडत नाही. मूत्रपिंडात बिघडते. एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात आणि जन्मानंतर नवे तयार होत नाहीत. नेफ्रॉनच्या नलिका आणि केशवाहिन्या एकमेकींना खेटून असतात म्हणून पाणी व क्षार यांची देवघेव होते. इजा झाली की टीजीएफ-बीटासारखे रासायनिक संदेश सुटतात, धागे विणणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि नलिका व वाहिन्या यांच्यामध्ये कोलॅजेन साचते. नलिका सुकतात. गुडघ्याची जखम एकदाच होते, म्हणून तिथल्या पेशी काम संपवून थांबतात. रोपित मूत्रपिंडाला इजा पुन्हा पुन्हा होत राहते. शरीराबाहेर बर्फात काढलेले तास, प्रतिकारसंस्थेचे हल्ले, विषाणू, रक्तदाब, मधुमेह, आणि ते हल्ले रोखणारी टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधेसुद्धा. वाटा अनेक, शेवट एकच. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नुसता वण पाहून तो कोणी केला हे सांगता येत नाही.

इथे संशोधकांचीही एक चूक पाहण्यासारखी आहे. कॅनडातील बॅन्फ या गावी १९९१ साली तज्ज्ञ जमले आणि रोपित मूत्रपिंडाचे नमुने वाचण्याची सामाईक पद्धत त्यांनी आखली. मोठेच काम झाले. पण त्या पद्धतीत या वणांना 'क्रॉनिक अॅलोग्राफ्ट नेफ्रोपॅथी', म्हणजे परक्या मूत्रपिंडाचा जुनाट विकार, असे नाव होते. नाव भारदस्त; अर्थ एवढाच, की मूत्रपिंड जुने झाले आणि बिघडले. हळूहळू ते नावच निदान म्हणून लिहिले जाऊ लागले आणि कारण शोधणे मागे पडू लागले. अखेर २००५ च्या बॅन्फ बैठकीत तज्ज्ञांनी ते नाव सोडून दिले. वण असेल तर वण म्हणा, आणि कारण वेगळे शोधा, असे ठरले. आपली संज्ञा चुकली हे मान्य करून ती मागे घेणे, हे विज्ञानाच्या पद्धतीचे उत्तम उदाहरण आहे. वर्गात ते जरूर सांगावे.

दुसरी चूक आकडे वाचण्याची. ऑस्ट्रेलियातील एका गटाने २००३ साली १२० रुग्णांच्या ९६१ नमुन्यांचा अभ्यास छापला. दहा वर्षांनी ५८.४ टक्के मूत्रपिंडांत तीव्र विकार दिसला आणि औषधांची विषबाधा जवळपास सर्वांत आढळली. यावरून औषधांकडे बोट दाखवले गेले. पण हे सर्व रुग्ण मधुमेही होते, आणि एक सोडून सगळ्यांना मूत्रपिंडाबरोबर स्वादुपिंडही बसवले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०११ साली फक्त मूत्रपिंड बसवलेल्यांचे नमुने तपासले. मध्यम किंवा तीव्र वण पहिल्या वर्षी १३ टक्क्यांत, पाचव्या वर्षी १७ टक्क्यांत आढळले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. रुग्ण वेगळे, काळ वेगळा, मोजपट्टीही वेगळी. टक्केवारी कोणाची, हे विचारल्याशिवाय ती फळ्यावर लिहू नये.

तिसरा अभ्यास २०१२ चा, कॅनडातील एडमंटनचा. बंद पडलेल्या ज्या मूत्रपिंडांचे कारण सांगता आले, त्यांपैकी ६४ टक्के नकारामुळे, मुख्यतः प्रतिपिंडांच्या हल्ल्यामुळे, गेली होती. अशा ३६ रुग्णांपैकी १७ जणांबद्दल डॉक्टरांची नोंद होती, की ते औषधोपचार नीट पाळत नव्हते. म्हणजे ज्या औषधांनी इजा होते, तीच न घेतल्याने त्याहून मोठी इजा होते. गोळ्या किती घ्यायच्या हे रक्ततपासणीवर डॉक्टरांनीच ठरवायचे, ते यासाठीच.

पण 'पाळत नव्हते' हेही एक नावच आहे. किनवट किंवा निलंग्याच्या खेड्यातला रुग्ण तपासणी चुकवतो, तेव्हा मजुरी बुडते म्हणून, पैसे संपले म्हणून, की "आता बरा झालास, गोळ्या कशाला?" असे घरच्यांनी म्हटले म्हणून? बेशिस्त म्हटले की हे प्रश्न विचारावे लागत नाहीत. आमचा आक्षेप याच सवयीला आहे. प्रयोगशाळेत 'जुनाट विकार', दवाखान्यात 'बेशिस्त', वर्तमानपत्रात 'यशस्वी' : तिन्ही शब्द शोध थांबवतात. यांतला शेवटचा समज तर आपला अपुरा धडाच पक्का करतो.

वण पुसणारे औषध आज हाती नाही. फुप्फुसातील अशाच आजारासाठी पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब ही औषधे अमेरिकेत २०१४ साली मान्य झाली. तीही वण पुसत नाहीत, त्याची वाढ मंद करतात. रोपित मूत्रपिंडातील वणासाठी तेवढेही मान्य औषध नाही. वण होऊ न देणे हाच उपाय.

म्हणून पाठात चार ओळी वाढायला हव्यात : रोपित मूत्रपिंड कुणाचे काही महिन्यांत बंद पडते, कुणाचे वीस वर्षांहून अधिक चालते, गोळ्या ते चालते आहे तोवर घ्यायच्या असतात, तब्येत ठणठणीत वाटली तरी तपासणी चुकवायची नसते, आणि आत होणारा वण दुखत नाही. पुस्तकात त्या येतील तेव्हा येतील. तोवर शिक्षक मित्रांनो, फळा पुसण्याआधी एवढे सांगूया. प्रश्न विचारणारा मुलगा संध्याकाळी ते घरी जाऊन सांगणार आहे.