श्रद्धांजलीची पोस्ट पुरावा म्हणून कशी वाचाल?

सिन्नरसारख्या गावातल्या नगराध्यक्षांच्या पोस्ट अभ्यासाला घेतल्या, तर त्यात दोन प्रकार दिसतील: कामांची माहिती आणि श्रद्धांजली. पहिल्याकडे आपण संशयाने बघतो, दुसऱ्याला मात्र सूट देतो. गडबड तिथेच होते.

‘मोलाचं योगदान’, ‘भरून न येणारी पोकळी’ हा साचा ठरलेला. त्यातून गेलेल्या माणसाची पदं कळतात, त्याने नेमकं काय केलं ते क्वचितच. म्हणजे अशी पोस्ट व्यक्तीबद्दल कमी सांगते; गावात ‘मान्यवर’ कोणाला धरतात, हे जास्त सांगते. सिन्नर हे विडी उद्योगाचं गाव. विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या किती बायकांच्या वाट्याला अशी पोस्ट येते, ते मोजून बघा.

मग तुलना करा. 2016 च्या निवडणुकांत राज्यात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. मुदत संपल्यावर अनेक नगरपरिषदांवर प्रशासक आले. मतं मागायची नसतात तेव्हा श्रद्धांजली कोणाला वाहिली जाते? सोबत सभांची इतिवृत्तंही मिळवा, 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. शोकप्रस्तावातली नावं पोस्टशी जुळली नाहीत, तर तुमचा संशोधनप्रश्न तिथेच आहे. नुसत्या पोस्टवरून गावाचा इतिहास लिहिलात, तर पोस्टमधून गळलेली माणसं तुमच्या प्रबंधातूनही गळतील.