‘तेथे असण्या’चे मोजमाप : आभासी वास्तवविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

मानव-संगणक आंतरक्रिया या अभ्यासशाखेच्या इतिहासातील दोन महत्त्वाच्या घटना एकाच परिषदेशी निगडित आहेत. डिसेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या संगणकविषयक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी माउसच्या साहाय्याने पडद्यावरील मजकूर हाताळण्याचे प्रात्यक्षिक दाखविले. त्याच परिषदेच्या इतिवृत्तात आयव्हन सदरलँड यांचा डोक्यावर बसवावयाच्या त्रिमितीय दृश्ययंत्रावरील निबंध प्रसिद्ध झाला. पहिल्या वाटेने संगणक माणसाच्या समोर राहिला. दुसऱ्या वाटेने माणूस संगणकाने रचलेल्या दृश्याच्या आत गेला. मान वळविली की दृश्य बदलते, या एका सोयीमुळे वापरकर्त्याचे शरीरच यंत्राला सूचना देणारे साधन बनले.

पहिल्या वाटेवरील संशोधनाला यशाची मोजमापे सहज सापडली. काम किती वेळात झाले आणि चुका किती झाल्या, हे मोजले की एक रचना दुसरीपेक्षा सरस ठरविता येते. आभासी वास्तवाच्या संशोधनाला मात्र अनुभव मोजावयाचा होता. आपण प्रयोगशाळेत नसून समोर दिसणाऱ्या त्या जागी आहोत, या जाणिवेला तेथे मध्यवर्ती स्थान मिळाले. या जाणिवेस येथे ‘उपस्थितिभाव’ असे म्हटले आहे. तो कसा मोजला गेला, कोणाच्या आधारे मोजला गेला आणि त्यावरून कोणते निष्कर्ष काढले गेले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचा प्रश्न

मराठीत रूढ झालेली ‘आभासी वास्तव’ ही संज्ञा काहीशी दिशाभूल करणारी आहे. ‘आभास’ या शब्दात खोटेपणाचा अर्थ आहे. तर्कशास्त्रातील ‘हेत्वाभास’ म्हणजे हेतूसारखा दिसणारा, पण हेतू नसलेला. मूळ इंग्रजी विशेषणाचा रोख मात्र ‘नावाने नसले तरी परिणामाने असलेले’ या अर्थाकडे आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. वेदान्तातील रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात दोरी ओळखू आली की साप नाहीसा होतो आणि भयही ओसरते. आभासी वास्तवात तसे घडत नाही. पायाखाली सपाट फरशी आहे हे पूर्ण ठाऊक असूनही दृश्यातील खड्ड्याच्या काठावर माणसाचे पाऊल अडखळते. ज्ञान झाल्यानंतरही टिकून राहणारा भ्रम हे या तंत्राचे वैशिष्ट्य होय.

मेल स्लेटर यांनी २००९ मध्ये केलेली मांडणी या दृष्टीने मोलाची आहे. ‘आपण तेथे आहोत’ हा स्थानभ्रम आणि ‘जे घडते आहे ते खरोखर घडते आहे’ हा घटनेच्या संभाव्यतेचा भ्रम, असे दोन घटक त्यांनी वेगळे केले. दोन्ही भ्रम सहभागी व्यक्तीला सत्य ठाऊक असतानाच निर्माण होतात, हे त्यांनी आग्रहाने सांगितले. संकल्पनेच्या पातळीवर ही स्पष्टता आली. मापनाच्या पातळीवर मात्र ती आली असे म्हणता येत नाही.

मोजपट्टीची कसोटी

१९९० च्या दशकात उपस्थितिभाव मोजण्यासाठी प्रश्नावल्यांचा आधार घेण्यात आला. बॉब विट्मर आणि मायकेल सिंगर यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली आणि स्लेटर व त्यांच्या सहकाऱ्यांची प्रश्नावली या दोन्ही मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. अनुभव संपल्यावर सहभागी व्यक्तीने ठरावीक श्रेणीवर अंक नोंदवावयाचा आणि त्या अंकांवरून निष्कर्ष काढावयाचा, अशी ही पद्धत आहे.

या पद्धतीच्या सप्रमाणतेची अतिशय साधी, पण निर्णायक परीक्षा २००० साली झाली. स्लेटर यांचाही सहभाग असलेल्या या प्रयोगात वीस व्यक्तींना कार्यालयातील एक काम देण्यात आले. दहा जणांनी ते खऱ्या कार्यालयात केले आणि दहा जणांनी त्याच कार्यालयाच्या आभासी प्रतिकृतीत. नंतर सर्वांकडून वरील दोन्ही प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. खऱ्या जागी असलेल्या माणसाचा ‘तेथे असण्या’चा अंक प्रतिकृतीतील माणसापेक्षा ठळकपणे अधिक यावयास हवा, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. प्रत्यक्षात एका प्रश्नावलीत किंचित फरक दिसला आणि विट्मर-सिंगर प्रश्नावलीत लक्षणीय फरक मुळीच आढळला नाही. ज्या तराजूत भरलेली आणि रिकामी गोणी सारख्याच वजनाची ठरते, त्या तराजूवर दोन रिकाम्या गोण्यांची तुलना कितपत विश्वासार्ह मानावी, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

स्लेटर यांनी २००४ मध्ये हा मुद्दा आणखी पुढे नेला. ‘काल तुमचा दिवस किती रंगीत होता’ या धर्तीच्या, मुद्दाम रचलेल्या संकल्पनेवर प्रश्न विचारले तरी लोक उत्तरे देतात आणि त्या उत्तरांत सांख्यिकीय संबंधही सापडतात, हे त्यांनी दाखविले. प्रश्न विचारल्यामुळेच संकल्पना अस्तित्वात येते. न्यायशास्त्राच्या भाषेत याला ‘मापनाभास’ म्हणता येईल. संशोधकाने स्वतः वापरलेल्या साधनावरच अशी शंका घेणे ही या शाखेची जमेची बाजू मानली पाहिजे. खेदाची बाब ही की, या इशाऱ्यानंतरही प्रश्नावल्यांचा वापर थांबला नाही.

याला पर्याय म्हणून शारीरिक प्रतिसाद मोजण्याचे प्रयत्न झाले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००२ मध्ये खोल खड्डा असलेल्या आभासी खोलीत सहभागींच्या हृदयगतीतील बदल मोजला. स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनविषयक प्रयोगाची आभासी आवृत्ती केली. तिच्यात ३४ जण सहभागी होते. आभासी स्त्रीला पाहणाऱ्या आणि ऐकणाऱ्या सहभागींचे प्रतिसाद, ती खरी नाही हे ठाऊक असूनही, ती खरी असल्यासारखे होते. हे पुरावे प्रश्नावलीपेक्षा भक्कम आहेत. परंतु त्यांची मर्यादाही उघड आहे. भय आणि ताण यांनी नाडी वाढते. शांतपणे ग्रंथालयात बसण्याचा उपस्थितिभाव नाडीवरून कळणार नाही.

शरीर कोणाचे?

मापनाइतकाच गंभीर प्रश्न शरीराचा आहे. आभासी वास्तवात होणारी मळमळ आणि भोवळ मोजण्यासाठी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली सोळा लक्षणांची प्रश्नावली दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तिचा पाया अमेरिकी नौदलाच्या उड्डाण-सिम्युलेटरमधील नोंदी हा होता. निवडलेल्या, प्रशिक्षित वैमानिकांवरून बेतलेले माप पुढे सर्वसामान्य वापरकर्त्यांना लावले गेले.

स्त्रियांना हा त्रास अधिक होतो, असे अनेक अभ्यासांत नोंदले गेले होते. के स्टॅनी आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधील संशोधनाने या नोंदीचा वेगळाच उलगडा केला. दोन बाहुल्यांमधील अंतर आणि यंत्राच्या भिंगांमधील अंतर यांचा मेळ न बसणे, हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे त्यांना आढळले. ज्या स्त्रियांच्या डोळ्यांना यंत्र नीट जुळवता आले, त्यांचा अनुभव पुरुषांसारखाच होता. दोष वापरकर्तीच्या शरीरात शोधला जात होता. तो बऱ्याच अंशी भिंगांच्या मांडणीत निघाला.

हीच एकांगी निवड संपूर्ण शाखेत दिसते. मानव-संगणक आंतरक्रियेच्या ‘सीएचआय’ या प्रमुख परिषदेतील २०१६ ते २०२० या काळातील निबंधांची पाहणी सेबॅस्टियन लिंक्सेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातील ७३ टक्के निष्कर्ष पाश्चात्त्य सहभागींवर आधारलेले होते. त्या देशांची लोकसंख्या जगाच्या १२ टक्क्यांहूनही कमी आहे. वापरकर्ता आधी ठरविला तर रचना कशी बदलते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. आय.आय.टी. मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात विकसित झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजनावर बोट ठेवताच त्याच्याभोवती स्वरचिन्हांसह त्याची रूपे चक्राकार उमटतात. इंग्रजी कळफलकावर मराठी अक्षरे चिकटविण्याऐवजी देवनागरीची बाराखडीच येथे रचनेचे तत्त्व बनली. आभासी वास्तवाच्या क्षेत्रात अशी सुरुवात भारतीय वापरकर्त्याच्या शरीरापासून, भाषेपासून आणि सवयींपासून व्हावयास हवी.

अध्यापनाच्या संदर्भात

महाविद्यालयांच्या दृष्टीने ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. विद्यार्थी विषयात जितका बुडून जाईल तितका तो अधिक शिकेल, या गृहीतकावर अशी यंत्रे खरेदी करण्याचा आग्रह धरला जातो. गायडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे गृहीतक ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर तपासले. विज्ञानाच्या त्याच आभासी प्रयोगासाठी संगणकाच्या पडद्याऐवजी डोक्यावरील यंत्र वापरले असता उपस्थितिभाव वाढला. शिकणे मात्र घटले. एका प्रयोगावरून सार्वत्रिक नियम काढता येणार नाही. तथापि, ‘तेथे असणे’ आणि ‘समजणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून निश्चित स्पष्ट होते.

निष्कर्ष

आभासी वास्तवविषयक संशोधनाने मानवी जाणिवेसंबंधी खरोखर नवे ज्ञान दिले आहे. सत्य ठाऊक असतानाही शरीर दृश्याला प्रतिसाद देते, हे त्यातील सर्वांत महत्त्वाचे होय. मात्र त्या ज्ञानाचा बराच भाग अपुऱ्या मोजपट्टीवर आणि मर्यादित शरीरांवर उभा आहे. असे संशोधन वाचताना आणि त्याच्या आधारे प्रयोगशाळा उभारताना अध्यापकांनी तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : नेमके काय मोजले, कोणावर मोजले आणि जे मोजले तेच अपेक्षित होते काय? वर्गातील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांवरील यंत्र पाच मिनिटांत काढून ठेवते, तेव्हा तिची नोंद ‘अपवाद’ म्हणून करण्याऐवजी ते यंत्र तिच्या डोळ्यांना बसते का, हे प्रथम तपासले पाहिजे.