टिपऱ्यांच्या घरातली माणसे

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेचा विषय निघाला की ऐकणारा हमखास म्हणतो, “काय स्वच्छ मालिका होती हो! साऱ्या घराने एकत्र बसून बघावी अशी.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्याचा मला थोडा रागच येऊ लागला आहे. स्वच्छता हा गुण खराच. पण तो मुख्यतः भांड्यांचा आणि अंगणाचा. एखाद्या सुगरणीने जीव ओतून पुरणपोळी करावी, आणि आपण ‘खडा लागला नाही बुवा’ एवढेच बोलून पानावरून उठावे, तसा हा प्रकार आहे. त्या मालिकेत खडे नव्हते हे खरे, परंतु पुरण कशाचे होते, ते सांगायचे राहूनच जाते.

ही मालिका २००१ साली, तेव्हाच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. दिग्दर्शक केदार शिंदे त्या वेळी तिशीच्याही आत होते. मूळ कल्पना दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनातली. आणि घरातल्या वडीलधाऱ्या आबांची भूमिकाही त्यांचीच. मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातू शिऱ्या म्हणजे विकास कदम आणि नात शलाका म्हणजे रेश्मा नाईक. तीन पिढ्या, एक मध्यमवर्गी बिऱ्हाड आणि आठवड्याला एक भाग. यातली शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आठवड्यातून एकदा भेटणारा माणूस आपल्याला पाहुण्यासारखा हवासा वाटतो. त्याचे बोलणे आपण आठवडाभर चघळतो. रोज संध्याकाळी दाराशी उभा राहणारा माणूस कितीही गोड असला, तरी चौथ्या दिवशी आपण त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडू लागतो. पुढे मालिका रोजच्या झाल्या, आणि लेखकांना पाणी घालून घालून आमटी वाढवावी लागली, त्यात त्यांचा तरी काय दोष?

आता पुरणाविषयी. आबा टिपरे रोजनिशी लिहितात. दिवसभर घरात जे घडले ते रात्री वहीत उतरते, आणि आपल्याला ते आबांच्या आवाजात ऐकू येते. युक्ती दिसायला साधी आहे. चिं. वि. जोशांचे चिमणराव आपल्या फजितीच्या कथा स्वतःच सांगत असत, तेव्हापासून मराठी विनोदाला ही सवय आहे. पण चिमणराव आपली फजिती चारचौघांना सांगतात, आबा आपली फजिती वहीला सांगतात. आणि माझ्या मते या मालिकेचे सारे मर्म या फरकात आहे. आबांना घरात कोणी छळत नाही. सून चांगली आहे, मुलगा तापट असला तरी मनाचा खोटा नाही, नातवाशी तर त्यांची गट्टीच आहे. अडचण एवढीच, की घरातल्या ज्याला त्याला घाई आहे आणि आबांना घाई नाही. ते कोणाला नकोसे झालेले नाहीत. फक्त कोणी त्यांना काही विचारत नाही. म्हातारपणाचे हे दुःख इतके बारीक आहे, की ते बोलून दाखवले तर माणूस कुरकुऱ्या ठरतो, आणि न बोलावे तर ते रात्री झोपू देत नाही. म्हणून वही.

नटसम्राटाचे दुःख गर्जून बोलणारे असते. ते पाहून आपण रुमाल काढतो आणि नाटक सुटल्यावर खुशाल घरी जातो. कारण आपण काही आपल्या बापाला घराबाहेर काढलेले नसते. आबांपाशी ही सुटका नाही. आबांचे बोलणे अर्धवट ऐकून चपला घालणारा शेखर आपल्या घराघरांत आहे. आपण त्याला हसलो, आणि हसता हसता काही जणांनी तरी शेजारच्या खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे चोरून पाहिले असेल. ज्या मालिकेला आपण नुसती ‘स्वच्छ’ म्हणतो, तिने हे केले होते.

विलायतेतही असा एक म्हातारा दूरदर्शनवर होऊन गेला. ‘वन फूट इन द ग्रेव्ह’ या मालिकेतला व्हिक्टर मेल्ड्रू. १९९० मध्ये ती सुरू झाली आणि २००० च्या नोव्हेंबरात, म्हणजे आपले आबा येण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, लेखक डेव्हिड रेन्विक यांनी मोटारीखाली त्या म्हाताऱ्याचा शेवट करून ती संपवली. साठीला नोकरीवरून घरी बसवलेला हा गृहस्थ साऱ्या जगावर चिडलेला असतो. शेजारी, दुकानदार, कारागीर, कुणाशीही त्याचे जमत नाही, आणि प्रत्येक आपत्तीला त्याच्या तोंडून अविश्वासाचे एक ठरलेले वाक्य बाहेर पडते. रिचर्ड विल्सन हा चांगला, मुरलेला नट. पण ते एक वाक्य त्याला असे चिकटले, की पुढे त्याची ओळखच ते झाले. इंग्रजांचा म्हातारा बाहेरच्या जगावर ओरडतो, आपला म्हातारा घरातल्यांसमोर गप्प बसतो. विल्सन त्या वेळी पन्नाशी नुकती ओलांडलेला होता, प्रभावळकर सत्तावन्नचे होते; दोघेही आपल्याहून मोठ्या वयाचा माणूस रंगवत होते. आणि आबांना असे एकही घोषवाक्य नव्हते, हे प्रभावळकरांचे केवढे भाग्य! किंबहुना ते भाग्य नव्हे, ती समजूत. स्वतःच लेखक असल्यामुळे असे एखादे वाक्य पेरून टाळ्या वसूल करणे त्यांना सहज जमले असते.

प्रभावळकरांचे कौतुक करताना आपण नेहमी त्यांचे बहुरूपीपण सांगतो. ‘हसवा फसवी’ या स्वतः लिहिलेल्या नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. १९९१ च्या ‘चौकट राजा’तला नंदू त्यांचा. १९९३ च्या ‘झपाटलेला’तला तात्या विंचू त्यांचा, माझ्या वर्गातली पोरे त्यांना अजून त्याच नावाने ओळखतात आणि दचकल्याचे नाटक करतात. २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’त त्यांनी गांधीजी उभे केले, आणि त्या भूमिकेसाठी व ‘शेवरी’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ च्या सप्टेंबरात, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ते ‘दशावतार’मध्ये कोकणातला दशावतारी नट बाबुली मेस्त्री होऊन आले, आणि लोकांनी पुन्हा त्यांच्या सोंगांना टाळ्या दिल्या. टाळ्या योग्यच होत्या. तरीही मला त्या चित्रपटात रंग पुसल्यावरचा बाबुली, मुलाशी दोन शब्द बोलणारा बाप, अधिक भावला. कारण त्याच्यात मला आबा दिसले.

माझे म्हणणे असे, की सोंगे घेणारा हा नट सर्वांत मोठा दिसतो तो सोंग जवळजवळ न घेतलेल्या आबांमध्ये. आबांचे काम मुख्यतः ऐकण्याचे आहे. समोरचा बोलत असतो, आबांच्या चेहऱ्यावर आधी उत्सुकता येते, मग आपल्याला जे सांगायचे होते ते ओठांपर्यंत येते, तेवढ्यात समोरचा उठून जातो, आणि ते शब्द आवंढ्याबरोबर परत जातात. रंगभूमीवर असे ऐकणे मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. छोट्या पडद्यावर ते पोहोचते. आणि छोट्या पडद्याचा हा उपयोग आपल्याकडे किती थोड्यांनी केला!

नट आणि भूमिका यांचे नाते हा मोठा विचित्र मामला आहे. चिमणरावांचेच पाहा. आमच्या कोल्हापूरच्या मास्टर विनायकांनी १९४० मध्ये ‘लग्न पहावं करून’ काढला, तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. दामुअण्णांचे तिरळे डोळे पडद्यावर दिसले की प्रेक्षक हसायला सुरुवात करी. भूमिका कुठलीही असो, दामुअण्णा दामुअण्णाच राहत. नंतर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. प्रभावळकरांनी ती कोटटोपी पुढे उतरवून ठेवली आणि ते दुसऱ्या घरात गेले. कर्व्यांना ती उतरवता आली नाही; म्हणजे आपण ती उतरवू दिली नाही. मुंबई महापालिकेत अभियंत्याची नोकरी करून रंगभूमीची सेवा करणारा हा माणूस. त्यांनी इतर अनेक भूमिका केल्या. परंतु २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नव्वदी केव्हाच ओलांडून ते गेले, तेव्हा लोक हळहळले ते गुंड्याभाऊ गेले म्हणूनच. याला प्रेम म्हणावे की अन्याय, याचा निर्णय मला करता येत नाही.

टिपऱ्यांच्या घरातल्या बाकीच्यांना हा त्रास झाला नाही. राजन भिसे हे मुळात नेपथ्यकारही. रंगमंचावर घरे उभी करणारा हा माणूस खोलीत कसा वावरायचा हे जाणतो. शेखर घरात शिरताच ते घर खरे वाटते, त्यामागे हे असावे असा मला दाट संशय आहे. शुभांगी गोखले यांची वाटचाल तर पाहण्यासारखी आहे. २००९ साली ‘लापतागंज’ या हिंदी मालिकेत त्या मिश्री मौसी झाल्या, २०१६ च्या ‘काहे दिया परदेस’मध्ये आई झाल्या, आणि प्रशांत दामल्यांबरोबर ‘साखर खाल्लेला माणूस’मध्ये त्यांनी रंगमंचावर संसार केला. प्रत्येक वेळी बाई निराळी. तरी कमरेला पदर खोचून, हातातले काम न सोडता बोलण्याची त्यांची एक लकब आहे, ती श्यामलेची देणगी. विकास कदमांचा शिऱ्या उडाणटप्पू होता, परंतु आबांशी बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली येई. हे कोणी शिकवून येत नाही.

मालिकेत उणिवा नव्हत्या असे नाही. शलाकेला लेखकाने फार थोडे दिले. घरात एक तरुण मुलगी आहे, तिच्या मनात काय चालले आहे हे आबांच्या वहीलाही फारसे कळले नाही. श्यामला सर्वांचे ऐकते, सर्वांना वाढते; तिची वही कुठे आहे, हा प्रश्न मला तेव्हाही पडे. आणि भांडण कितीही खोल गेले, तरी भाग संपण्याच्या आत त्यावर साय धरलीच पाहिजे, हा मालिकेचा नेम मला काही वेळा जाचला. दोनचार भांडणे पुढच्या आठवड्यापर्यंत उकळत राहिली असती, तर आबांच्या गप्प बसण्याला आणखी धार आली असती.

ही सारी मंडळी नाटकातली; म्हणून ती आम्हांला पडद्याबाहेरही भेटू शकत. दूरदर्शनवरचा नट गावात येतो तो नाटकाच्या गाडीने, आणि कोल्हापुरात नाटकाची गाडी थांबते ती केशवराव भोसले नाट्यगृहाशी. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले ते थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. ते पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले गेले. ते पुरे होऊन तिसरी घंटा वाजेल तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या घरातल्या म्हाताऱ्यांसाठी आधीच सांगून ठेवाव्यात, असा माझा विचार आहे. आमच्या घरच्या आबांना मात्र आतापासूनच विचारायला हवे, कुठले नाटक पाहायचे ते.