साडेतीन मिनिटे आणि अख्खी रात्र

गेल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मांद्र्याच्या घराच्या सोप्यावर दोन गृहस्थ येऊन बसले. एक देवस्थान समितीचे, दुसरे आदल्या रात्री देवळापुढे नाटक केलेल्या दशावतारी मंडळाचे नाईक. नाईकांचे डोळे जागरणाने तांबारले होते आणि कपाळाचा रंग पुरता निघाला नव्हता. समितीच्या गृहस्थांनी खिशातून मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. त्यात संकासुर दिसत होता. काळा अंगरखा, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी तांबडी जीभ. जमिनी विकणाऱ्या गावकऱ्यांना उद्देशून तो काहीतरी झोंबणारे बोलला, लोक हसले आणि चित्र थांबले. अर्ध्या मिनिटाचा तो मामला. रात्रीतून तो गावभर फिरला होता आणि एका घराण्याने तो स्वतःवर ओढून घेतला होता. नटाने माफी मागावी, नाहीतर फिर्याद करू, असा निरोप आला होता.

आम्ही पेशाने वकील असल्यामुळे हे प्रकरण आमच्याकडे आले, हे उघडच आहे. परंतु नाईक जे बोलले ते वकिलाने ऐकण्यापेक्षा साहित्याच्या अभ्यासकाने ऐकण्यासारखे होते. ते म्हणाले, “वकीलबाब, त्या तुकड्यात माझां सोंग आसा, पण उत्तर खंय आसा?”

आम्ही त्या रात्री तेथे होतो. उत्तर आम्ही ऐकले होते. संकासुराने जमिनीवरून गावाला टोला हाणल्यावर त्याच्याशी संवाद करणाऱ्या पात्राने त्याला विचारले, की तू स्वतः वेद चोरून समुद्रात लपवलेस, तुला दुसऱ्याला चोर म्हणण्याचा अधिकार कोणी दिला? यावर संकासुराने कान धरले आणि प्रेक्षक पहिल्यापेक्षा मोठ्याने हसले. टोला सर्वांवर होता, आणि शेवटी तो मारणाऱ्यावरच उलटला. ही दशावताराच्या पूर्वरंगाची जुनी रीत आहे. मोबाईलमध्ये टोला राहिला आणि त्याचे उलटणे गेले.

आमच्या वाचकांना दशावतार काय हे सांगावयास नको. पेडणे महालाची नाळ सावंतवाडीशी जुळलेली असल्यामुळे हा खेळ आमच्याकडे कोणी आणला नाही, तो येथलाच आहे. तरीही टीकाकाराने त्याची घडण एकदा डोळ्यांपुढे आणावी. रंगमंच म्हणजे देवळापुढची मोकळी जागा आणि एक बाकडे. हेच बाकडे कधी सिंहासन, कधी पर्वत. वाद्ये म्हणजे पेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीपात्रेही परंपरेने पुरुषच करीत आले. आधी गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, संकासुर आणि विष्णू यांचा पूर्वरंग, मग पुराणातील आख्यान, आणि पहाटे दहीकाला. सर्वांत महत्त्वाचे हे, की नाटकाची संहिता नसते. नाईक कथेचा सांगाडा सांगतात आणि नट भाषण जागच्या जागी रचतात. ज्या गावी खेळ त्या गावची हवा त्या भाषणात येते. मांद्र्यात बोललेले वाक्य पार्श्यात तसेच येणार नाही. सारांश, ही कलाकृती एका रात्रीपुरती, एका जागेपुरती आणि समोर बसलेल्या लोकांपुरती घडविलेली असते.

येथे आमचा एखादा तरुण वाचक म्हणेल, की मग यंत्राने ती टिपून ठेवली तर बिघडले कुठे? उलट जे उद्या विरून जाणार ते राहील. हा आक्षेप क्षुल्लक नाही. त्याचा विचार करताना आम्हांस आमच्याच गोमंतकातील एका थोर गायिकेची आठवण होते.

फोंडे महालातील केरी गावी 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी 1921 पासून उस्ताद अल्लादिया खाँ यांची तालीम घेतली, ती 1946 साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत. 1948 साली कलकत्त्यात त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी मिळाली आणि 1969 साली पद्मभूषण. त्यांची मैफल आम्ही ऐकली नाही, ऐकणे शक्यच नव्हते. त्या 1977 साली निवर्तल्या तेव्हा आमचा जन्म व्हावयाचा होता. आमच्यापुरत्या केसरबाई म्हणजे त्यांच्या ध्वनिमुद्रिका. अशी माणसे आज असंख्य आहेत. तेव्हा यंत्राला सरसकट शत्रू म्हणणे हे आमच्याकडून कृतघ्नपणाचे होईल.

त्या मुद्रिकांतील भैरवीची एक चीज साडेतीन मिनिटांची आहे. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञाच्या शिफारशीवरून ती ‘व्हॉयेजर’ यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत घेतली गेली. त्याच तबकडीवर 55 भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत मराठी आहे, कोंकणी नाही, हे या द्विभाषिक मासिकाच्या वाचकांना जाता जाता कळविणे आम्हांस प्राप्त आहे. दुसरे यान आधी, 20 ऑगस्ट 1977 रोजी निघाले आणि पहिले 5 सप्टेंबरला. त्यानंतर अकराव्या दिवशी केसरबाई गेल्या. पहिल्या यानाने 2012 साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. केरीच्या मुलीचा आवाज तेथवर पोचला, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

पण टीकाकाराने अभिमानापाशी थांबू नये. साडेतीन मिनिटे म्हणजे केसरबाई नव्हेत, हे तर खरेच. जयपूर-अत्रौली गायकीचा पेच हळूहळू उलगडत जातो, आणि 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. तरी ती चीज ऐकताना काही कापले आहे असे वाटत नाही. सूर लागतो, चीज उभी राहते, तान येते, आणि शेवट शेवटासारखा होतो. कारण गायिकेला वेळेची मर्यादा ठाऊक होती आणि तेवढ्या वेळेत मावेल असे तिने गाइले. ती तबकडी मैफलीचा तुकडा नव्हे. यंत्रासमोर, यंत्रासाठी, जाणूनबुजून केलेली ती स्वतंत्र छोटी कृती आहे. मोबाईलमधला संकासुर तसा नाही. तो कोणीही रचलेला नाही. तो रात्रीतून फाडून घेतलेला आहे. दोन्ही यंत्रातच आहेत आणि दोन्ही आखूड आहेत, परंतु पहिल्याची लांबी कलावंताने ठरविली आणि दुसऱ्याची पाहणाऱ्याच्या बोटाने. आमच्या मते भेद आहे तो येथे.

यंत्र नुसते टिपत नाही, ते निवडतेही, हे आपण विसरतो. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला बंदी केली, ती 1971 पर्यंत चालली. पेटीला मींड काढता येत नाही, श्रुती नीट दाखविता येत नाहीत, हे कारण. ते शास्त्रदृष्ट्या काही अंशी बरोबरही असेल. परंतु ज्या पेटीवर आमची देवळातली भजने आणि दशावतार उभे आहेत, तिला मुक्तीनंतर पणजीचे केंद्र आकाशवाणीकडे आल्यावरही आणखी काही वर्षे दाराबाहेरच राहावे लागले. त्या काळच्या ध्वनिफिती ऐकून कोणी आमच्या संगीताचा इतिहास लिहू लागला, तर त्याला पेटी नव्हतीच असे वाटेल.

याची उलट बाजूही आम्ही भोगली आहे. विशीत असताना आम्ही एका ध्वनिक्षेपण केंद्रावर गावच्या जत्रांवर चार भाषणे दिली. आमच्या लेखनाची सुरुवात ती. काही वर्षांनी त्यांची प्रत मागावयास गेलो तेव्हा कळले, की फिती पुसून त्यांवर दुसरे काही मुद्रित झाले आहे. आमच्या आईला मात्र त्यांतले एक भाषण बऱ्यापैकी आठवे. तिने सांगितलेले आम्ही लिहून काढले, आणि मूळ टिपणाशी ताडून पाहता असे दिसले, की तिने नेमका पाल्हाळ गाळला होता. स्मृतीही कापते, पण समजून कापते. यंत्र पुसते तेव्हा कसलाच विचार करीत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण समितीचे गृहस्थ त्यासाठीच आले होते. संभाषणातील एकच तुकडा पुराव्यात आला, तर त्याचा अर्थ कळण्यास लागेल तेवढा पुढचामागचा भाग न्यायालयाने पाहावा, हे तत्त्व 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही राहिले आहे. न्यायालय जेवढी सबुरी ठेवते तेवढी गावाने ठेवावी, एवढीच आमची विनंती. दुसरे असे, की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती होऊन प्रयोग करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाला. कलावंताच्या व्याख्येत नट आणि गायक तर आहेतच, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहे. हा हक्क आज 50 वर्षे टिकतो. खाजगी उपयोगासाठी कोणी टिपले तर हरकत नाही, पण संमतीवाचून ते लोकांत पसरविता येत नाही. 2012 च्या दुरुस्तीने तर आपल्या प्रयोगाची मोडतोड करून नावाला बट्टा लावल्यास तक्रार करण्याचा अधिकारही त्याला दिला. म्हणजे त्या सकाळी फिर्यादीची भीती ज्याला घातली जात होती, वस्तुतः फिर्यादीचा हक्क त्याच्याच बाजूला होता.

नाईकांना हे सांगितले तेव्हा ते हसले. पुढच्या वर्षी याच देवापुढे उभे राहावयाचे आहे, गावावर फिर्याद कशी करणार, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या उत्तरात कलावंताची लाचारी आहे असे आम्हांस क्षणभर वाटले. नंतर वाटले, की यात नाते आहे, आणि ज्याने नाते राखावयाचे तो एकटा नाईक नव्हे.

म्हणून आम्ही समितीला तीन गोष्टी सुचविल्या. नाटक ठरवितानाच टिपण्याविषयी मंडळाला विचारावे आणि त्यांचा होकार वा नकार कागदावर घ्यावा. होकार असेल तर पूर्वरंगापासून दहीकाल्यापर्यंत अख्खी रात्र टिपावी, तीवर गाव, तिथी आणि नटांची नावे घालावी, एक प्रत मंडळाला द्यावी आणि तिच्यापासून उत्पन्न झालेच तर त्यांचा वाटा द्यावा. आणि खेळ सुरू होण्यापूर्वी लोकांना हात जोडून सांगावे, की तुकडे पाठवू नका. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर एक सभासद म्हणाले, की लोक ऐकणार नाहीत. तेही खरे असेल.

रागावलेल्या घराण्याकडे आम्ही आणि समितीचे गृहस्थ त्याच संध्याकाळी गेलो. घरातल्या आजींनी नाटक पुढच्या रांगेत बसून पाहिले होते. मुलाने मोबाईल दाखवून कैफियत मांडली, ती त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “अरे, मागीर ताणें कान धरले न्ही?” मग त्यांनी संकासुराचे कान धरणे बसल्या जागी करून दाखविले. मुलगा हसला आणि फिर्यादीचा विषय पुढे निघाला नाही. त्या घरात अख्खी रात्र पाहिलेले एक माणूस होते, म्हणून हे निभावले. पुढच्या जत्रेला मोबाईल खिशात ठेवून पहाटेपर्यंत बसणारी अशी माणसे घराघरांत असावीत, यासाठी आम्ही हे लिहिले आहे.